मोरबाथची हिशेबवही : 33 घरांच्या पॅरिशचं एक प्रकरण (1520–1574)

इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या माळरानाच्या दक्षिण कडेला मोरबाथ नावाचं गाव आहे. सॉमरसेटची हद्द लगतच. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथं 33 घरं होती, माणसं दीडशेच्या आसपास. जमीन चढउताराची, पाऊस मुबलक, पोट मुख्यतः मेंढरांवर. गावात कुणी मोठा सरदार राहत नव्हता, बाजारपेठ नव्हती, यात्रेचं ठिकाणही नव्हतं. तरीही इंग्लंडमधल्या धर्मसुधारणेचा, म्हणजे पोपची सत्ता झुगारून प्रॉटेस्टंट मताकडे वळण्याचा, अभ्यास करणाऱ्याला मोरबाथ टाळून पुढं जाता येत नाही. त्याला कारण आहे तिथली चर्चची हिशेबवही.

1520 च्या ऑगस्टअखेर सर ख्रिस्तोफर ट्रिकी इथं व्हिकर, म्हणजे गावचे धर्मगुरू, म्हणून रुजू झाले. यातलं ‘सर’ म्हणजे सरदारकी नव्हे. त्या काळी साध्या धर्मगुरूलाही मानानं असंच म्हणत. ते 1574 मध्ये वारले तोपर्यंत तिथेच होते, म्हणजे 54 वर्षं. या काळात इंग्लंडच्या गादीवर आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि पहिली एलिझाबेथ अशी चार माणसं बसली आणि राज्याचा धर्म पोपकडून राजाकडे, तिथून कडव्या प्रॉटेस्टंट मताकडे, पुन्हा रोमकडे आणि परत प्रॉटेस्टंट मताकडे फिरला. वही या सगळ्यातून एकाच हातानं लिहिली गेली.

गावातल्या वॉर्डन मंडळींनी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यांनी, वर्षाचा जमाखर्च सगळ्या पॅरिशपुढं, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या लोकांपुढं, मांडायचा, ही जुनी पद्धत. मोरबाथमध्ये तो लिहायचं काम व्हिकरांकडे होतं आणि वाचून दाखवायचंही. त्यामुळं या वहीतली भाषा कागदापेक्षा तोंडाची जास्त आहे. आकडे पुन्हा पुन्हा येतात, मागच्या शिलकीची आठवण करून दिली जाते, ‘आता ऐका, यातून काय फेडायचं ते’ अशा वळणाची वाक्यं येतात. मधूनच व्हिकर स्वतःबद्दलही बोलतात. कुणी काय दिलं, कुणी किती थकवलं, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जाणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्यालाही. या वहीवरून काही अनुमान काढताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

हे प्रकरण निवडण्यामागं एक सरळ प्रश्न आहे. धर्म लंडनहून हुकूम काढून बदलला, तेव्हा 33 घरांच्या गावात प्रत्यक्ष काय बदललं? बहुतेक वर्णनांत उत्तर मिळतं ते श्रद्धेचं: कोण काय मानत होतं आणि काय मानेनासं झालं. वहीत श्रद्धेबद्दल थेट फारसं काही नाही. तिच्यात मेंढरं आहेत, मेणबत्त्या आहेत, लोकर आहे. माझ्या मते म्हणूनच ती जास्त सांगते.

पैसा कुठून यायचा

मोरबाथच्या चर्चला एक तिजोरी नव्हती, अनेक होत्या. चर्च संत जॉर्जच्या नावाचं; पण आत येशू, मरियामाता, संत अँथनी, संत संडे, संत सिडवेल अशा मूर्ती होत्या आणि बहुतेकींचा निधी वेगळा होता. शिवाय दिवंगतांसाठी जळणाऱ्या दिव्याचा एक, गावातल्या तरुणांचा एक आणि अविवाहित मुलींचा एक. निधी म्हणजे पुष्कळदा मेंढरांचा छोटा कळप. मरियामातेची मेंढरं म्हणजे काही वेगळी रानं राखून ठेवलेली नव्हती. अमक्या शेतकऱ्याकडे एक, तमक्याकडे दोन, अशी ती गावभर वाटून दिलेली असत. ज्याच्याकडे असेल त्यानं स्वतःच्या कळपाबरोबर चारायची. लोकर विकली की पैसे त्या मूर्तीच्या खाती. मेंढी मेली तर कातडं विकून तेवढे पेन्स जमा. दर वर्षी मोजणी व्हायची आणि कुठली मेंढी कुणाच्या दावणीला आहे ते वाचून दाखवलं जायचं.

एका मरणपत्रानं चर्चला मधमाश्यांचं पोळं मिळालं. का, तर येशू आणि सिडवेल यांच्यापुढचा दिवा सणावारी तेवत राहावा म्हणून. मेण घरचं झालं की मेणबत्तीचा खर्च वाचतो, असा हा चोख हिशेब.

याखेरीज चर्चची बिअर. पॅरिशतर्फे एल नावाची घरगुती बिअर गाळायची, चर्चच्या मालकीच्या चर्चहाउसमध्ये सगळ्यांनी जमून ती प्यायची, शेजारच्या गावांनाही बोलवायचं, आणि नफा चर्चला. वर्षातल्या दोन मोठ्या बैठकींपैकी एक मुख्य वॉर्डन करत आणि दुसरी तरुण मंडळी. वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग या पिण्यातूनच यायचा. पुढच्या पिढ्यांतल्या कडव्या प्रॉटेस्टंटांना हे फार लागलं आणि त्यांनी त्यावर भरपूर तोंडसुख घेतलं.

निधी जितके, तितके कारभारी. मुख्य वॉर्डनचं काम घरटी पाळीनं फिरायचं. घरात कर्ता पुरुष नसेल तर विधवा बाई वॉर्डन होई आणि हिशेब देई. मुलींच्या निधीचे वॉर्डन वेगळे, तरुणांचे वेगळे. या सगळ्यांवर ‘पाच माणसं’ म्हणून ओळखली जाणारी, आपल्याकडच्या पंचांसारखी मंडळी असत आणि तंट्याबखेड्यात त्यांचा शब्द चाले. दीडशे माणसांत दर वर्षी इतक्या जणांच्या हाती कुठला ना कुठला हिशेब असायचा, की आयुष्यात एकदाही गावापुढं उभं राहावं लागलं नाही असा धडधाकट माणूस सापडणं कठीण.

गाव मात्र गुण्यागोविंदानं नांदत होतं असं कुणी समजू नये. 1530 च्या दशकात चर्चच्या क्लार्कच्या मोबदल्यावरून बराच काळ धुसफूस चालली होती. क्लार्क म्हणजे व्हिकरांचा मदतनीस. घंटा, पवित्र पाणी, मिस्सेतली (चर्चमधल्या मुख्य उपासनेतली) उत्तरं ही त्याची कामं. त्याला घराघरातून धान्याच्या पेंढ्या आणि थोडे पैसे मिळायचे. कुणी किती द्यायचं यावरून घरं अडून बसली. व्हिकरांनी हे सगळं वहीत उतरवलं आणि शेवटी तडजोड झाली, तेव्हा तिची कलमं घरवार लिहून काढली. त्यांना एकोप्याचा फार सोस होता. वाद मिटला की त्यांची लेखणी सैल सुटते.

सिडवेल आणि चांदीचा जोडा

संत सिडवेल ही एक्झेटर शहराची स्थानिक संत. सावत्र आईच्या चिथावणीवरून कापणी करणाऱ्यांनी विळ्यानं तिचं डोकं उडवलं आणि तिथं झरा फुटला, अशी कथा. ट्रिकींनी आल्या आल्या तिची मूर्ती चर्चमध्ये आणवली. मोरबाथला तिचं काही नव्हतं. व्हिकरांची ही खासगी भक्ती. पण काही वर्षांतच गावानं तिला आपली मानलं. बायकांनी मरणपत्रांत तिला वस्त्रं, माळा ठेवल्या, मुलींची नावं सिडवेल ठेवली गेली. एका बाईची चांदीची लग्नाची अंगठी आणि जपमाळेतले चांदीचे मणी वितळवून तिच्या पायात चांदीचा जोडा घडवला.

1534 च्या नोव्हेंबरात, संत एडमंडच्या सणाच्या रात्री, चर्चमध्ये चोरी झाली. ट्रिकींनी तिचं वर्णन असं केलं आहे की पंचनामा करायला दुसरं कुणी लागू नये. चोर शिडी लावून चर्चच्या छपरावर चढला, शिडी वर ओढून घेतली, तीच मनोऱ्याच्या खिडकीला लावली, खिडकी फोडली, घंटांच्या खोलीत शिरला, तिथून खाली उतरला. आत अंधार, चकमक झाडून उजेड केला. आणि हे कशावरून, तर चकमकीचं लोखंड नि गारगोटी तो तिथेच विसरून गेला. पेट्या फोडून त्यानं मिस्सेचा चषक आणि सिडवेलचा चांदीचा जोडा नेला.

चषकाशिवाय मिस्सा नाही. आता वर्गणी बसवावी लागणार, असंच कुणालाही वाटलं असतं. पण गावातल्या तरुणांनी आणि मुलींनी एकत्र येऊन आपल्या निधीतून आणि देणग्यांतून नवा चषक घेतला. पॅरिशला पैचा खर्च पडू दिला नाही. व्हिकरांनी हे अभिमानानं नोंदवलं आहे. मला ही नोंद सगळ्या वहीत मोलाची वाटते. वीस-बावीस वर्षांची शेतकरी पोरं आणि लग्न न झालेल्या मुली यांच्याकडे स्वतःचा पैसा होता, तो खर्चायचा निर्णय त्यांचा त्यांनी घेतला, आणि त्याचं श्रेय सगळ्या गावासमोर त्यांना वाचून दिलं गेलं.

कुलूप लागायला सुरुवात

पहिला धक्का मठांच्या रूपानं आला. मोरबाथची जमीन आणि तिथला व्हिकर नेमण्याचा हक्क जवळच्या बार्लिंच मठाकडे होता. हेन्रीनं लहान मठ बरखास्त केले त्यात हा मठ गेला. गावापुरता परिणाम पाहिला तर जमीनदार बदलला आणि मठातली एक काचेची खिडकी मोरबाथच्या चर्चला मिळाली. जगाच्या उलथापालथीत गावाच्या पदरात एक खिडकी!

खरी कात्री 1538 ची. हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं राजाच्या वतीनं काढलेल्या हुकुमात मूर्तीपुढं दिवे लावायला बंदी आली; वेदीपुढचा आणि क्रूसापुढचा असे मोजके दिवे तेवढे राहिले. वाचायला हे पूजाविधीचं कलम. मोरबाथमध्ये त्याचा अर्थ असा की सिडवेलच्या मेंढरांना काही काम उरलं नाही. दिवा नाही तर मेण कशाला, मेण नाही तर निधी कशाला, आणि निधी नाही तर त्याचा वॉर्डन तरी कशाला. एकेक खातं बंद होऊन मोठ्या खात्यात मिसळू लागलं. कुणी मूर्ती फोडली नाही, कुणी शपथ घेतली नाही. वहीतली पानं मात्र कमी झाली.

या सगळ्या काळात ट्रिकींनी एक काम चिकाटीनं चालवलं होतं. मृतांसाठीच्या मिस्सेला लागणारी काळी वस्त्रं चर्चकडे नव्हती. चर्चच्या मेंढरांच्या लोकरीवरचा दशमांश खरं तर व्हिकरांचा. तो त्यांनी सोडला आणि या वस्त्रांसाठी बाजूला टाकत गेले. वर्षाला थोडे पेन्स, कधी शिलिंग. दोन दशकं हे चाललं. वस्त्रं अखेर आली ती 1547 मध्ये, म्हणजे हेन्री वारला आणि नऊ वर्षांच्या एडवर्डच्या नावानं राज्य करणारी मंडळी मृतांसाठीच्या प्रार्थनाच बंद करायला निघाली, त्याच वर्षी.

पुढं सगळं भराभर झालं. मूर्ती काढायचे हुकूम आले. मेंढरं विकली. चर्चहाउसमधलं सामान विकलं. बिअरच्या बैठकी थांबल्या. 1548 मध्ये वॉर्डनकीची पाळी लूसी सीली या बाईकडे होती. चर्चचा माल विकून टाकण्याचा हिशेब तिच्या नावावर लागला. पुढं काही वर्षांनी ट्रिकींनी मागं वळून त्या काळाचा सारांश काढला. त्यात ते लूसी सीलीपासून पुढच्या एकेका वॉर्डनचं नाव घेत जातात आणि सांगतात, या सगळ्यांच्या काळात चर्चला कुणी काही दिलं नाही, जे गेलं ते चर्चमधून गेलं, आणि चर्च उतरणीलाच लागलं. दोष त्या माणसांना देत नाहीत. राजा एडवर्डच्या काळात, एवढंच म्हणून थांबतात.

खर्च थांबला असता तर गोष्ट वेगळी होती. उलट नवीन खर्च दारात उभे: इंग्रजी पुस्तकं घ्या, अधिकाऱ्यांपुढं हजर राहायला घोड्यावरून जा-ये करा, चर्चच्या मालमत्तेच्या याद्या करून द्या, पुन्हा करून द्या. उत्पन्नाची साधनं काढून घेतलेली आणि आदेशपालनाचा खर्च गावाच्याच डोक्यावर. चर्च कर्जात गेलं.

1549

9 जून 1549, पेंटेकॉस्टच्या रविवारपासून देशभर नवं इंग्रजी प्रार्थनापुस्तक वापरायचं होतं. मोरबाथनं पुस्तक घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सँपफोर्ड कोर्टनीच्या लोकांनी आपल्या धर्मगुरूला पुन्हा लॅटिन मिस्सा म्हणायला लावली, आणि बंड पेटलं. कॉर्नवॉलमधले लोकही उठले आणि डेव्हनच्या बंडखोरांना येऊन मिळाले. बंडखोरांनी मागण्या लिहून काढल्या: जुनी मिस्सा परत हवी, मूर्ती परत हव्यात, नवी उपासना म्हणजे नाताळातला खेळ आहे, ती आम्हाला नको. त्यात त्या वर्षी मेंढरांवर आणि कापडावर नवा कर बसला होता. मेंढरांच्या गावाला तो किती झोंबला असेल हे सांगायला नको.

2 जुलैला बंडखोरांनी एक्झेटरला वेढा घातला. शहराबाहेर सेंट डेव्हिड्स डाउन नावाच्या टेकाडावर त्यांचा एक तळ होता.

मोरबाथच्या वहीत या वर्षीच्या खर्चात पाच माणसांची नावं आहेत. ही पाचही गावातली तरुण पोरं. सेंट डेव्हिड्स डाउनच्या तळावर निघताना त्यांना पॅरिशच्या पैशातून रक्कम दिली, शिवाय हत्यारांचा खर्च आहे. सरकारी फौज तेव्हा एक्झेटरच्या भिंतीबाहेर नव्हती. तिचा सेनापती लॉर्ड रसेल कित्येक आठवडे होनिटनला कुमक येण्याची वाट बघत अडकून पडला होता. त्यामुळं पोरं कुठल्या बाजूला गेली याबद्दल शंका घ्यायला जागा राहत नाही. इतकी वर्षं प्रत्येक हुकूम निमूट पाळलेल्या गावानं राजाविरुद्धच्या बंडाला माणसं पाठवली, आणि ती कुणी रात्री पळून गेलेली नव्हती. गावानं ठरवून, वर्गणीच्या पैशानं पाठवली.

6 ऑगस्टला रसेलनं वेढा उठवला. त्याच्याबरोबर जर्मन आणि इटालियन भाडोत्री सैनिक होते. क्लिस्ट सेंट मेरीच्या लढाईत आणि सँपफोर्ड कोर्टनीच्या शेवटच्या लढाईत बंडखोरांचा चुराडा झाला. एक्झेटरलगतच्या सेंट टॉमस चर्चचा व्हिकर रॉबर्ट वेल्श याला मिस्सेच्या वस्त्रांनिशी त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर टांगलं.

ट्रिकी वाचले. त्यांच्यावर कुणाचं लक्ष गेलं नाही. थक्क करणारी गोष्ट अशी की ते पान वहीत राहिलं. बंडखोरांना पैसे पुरवल्याचा लेखी पुरावा, नावांनिशी, ज्याच्या अक्षरात आहे त्याला फाशी होऊ शकते, आणि तो माणूस ते पान फाडत नाही. धाडस म्हणावं की बेफिकिरी? मला वाटतं दोन्ही नाही. पॅरिशचा पैसा खर्च झाला होता. खर्च झालेला पैसा गावाला वाचून दाखवायचा असतो. त्यांच्या लेखी हिशेब चोख असणं ही राजाच्या मर्जीपेक्षा वरची गोष्ट होती.

परत येणारं आणि न येणारं

1553 मध्ये मेरी गादीवर आली, लॅटिन मिस्सा परतली. आणि मोरबाथच्या घराघरातून वस्तू बाहेर पडायला लागल्या. कुणी विकत घेतलेली, कुणी लपवून ठेवलेली मूर्ती, वस्त्र, रंगवलेलं कापड, पुस्तक. व्हिकरांनी आणून देणाऱ्यांची नावं लिहिली आणि लिहिलं की हे चांगल्या कॅथलिक माणसांसारखं वागले. एडवर्डच्या काळात ‘विक्री’ म्हणून दाखवलेला काही व्यवहार खरोखर विक्री होता की सुरक्षित ठेव, याचं उत्तर या यादीतून मिळतं. सरकारी यादी करणाऱ्यांना ते कधीच मिळालं नसतं.

पण वस्तू आल्या म्हणून व्यवस्था आली असं झालं नाही. मेंढरं विकून गेली होती. नवे कळप उभे करायला पाच वर्षं अपुरी. बिअरच्या बैठकी पुन्हा भरल्या आणि मुख्य कर्जं फिटली. सिडवेलच्या निधीची जुनी भरभराट, मूर्तिगणिक वेगळे वॉर्डन, हे परतलं नाही. 1558 मध्ये मेरी वारली आणि एलिझाबेथनं पुन्हा प्रार्थनापुस्तक आणलं.

ट्रिकींनी याही वेळी जुळवून घेतलं. पुढची पंधरा-सोळा वर्षं त्यांनी त्याच चर्चमध्ये इंग्रजीत उपासना चालवली. यावर त्यांना संधिसाधू म्हणणारे वाचक भेटतात. मला हा निवाडा घाईचा वाटतो. ज्याच्याकडे दोन-तीन पॅरिश आणि दरबारी ओळखी आहेत त्याला तत्त्वासाठी जागा सोडणं परवडतं. 1520 पासून ज्यानं या 33 घरांतल्या बहुतेकांना बाप्तिस्मा दिला, त्यांची लग्नं लावली, त्यांना पुरलं, त्याच्यासमोर निवड वेगळी होती: गावाबरोबर राहायचं, की गाव एखाद्या अनोळखी माणसावर सोडून द्यायचं. एलिझाबेथच्या काळातल्या नोंदींत ते कुरकुरत नाहीत. ते तेव्हाही चर्चला काय मिळालं ते आनंदानं सांगतात. उतारवयात माणूस बदललाही असेल. वही त्याबद्दल काही बोलत नाही.

बदललं ते वहीचं रूप. सुरुवातीच्या वर्षांत निधीमागून निधी येतात, हिशेब देणारे आवाज बदलतात, मेंढरं मोजली जातात. शेवटच्या वर्षांत मुख्यतः एकच हिशेब आहे. खर्च वाढला की घरटी कर बसवायचा, ही रीत रुजली. दान आणि बिअरची जागा पट्टीनं घेतली. चर्चवॉर्डनकडे आता पुलांची, सैनिकांच्या साहित्याची, गरिबांच्या मदतीची सरकारी कामंही येऊ लागली होती. त्यातली गरिबांच्या मदतीची जबाबदारी 1601 च्या गरिबांच्या कायद्यानं पुढं इंग्लंडभर पक्की झाली. म्हणजे पॅरिश संपलं नाही, उलट सरकारचं सगळ्यांत खालचं कार्यालय बनलं. त्यात मुलींच्या निधीला जागा नव्हती.

या पुराव्याला मर्यादा आहेत. वही एका माणसाची आहे आणि तो माणूस गावातला सगळ्यांत ठाम मतांचा. ज्यांच्याकडे मेंढी ठेवायलाही कुरण नव्हतं ते शेतमजूर तिच्यात जवळजवळ दिसत नाहीत. नव्या मताकडं मनापासून वळलेलं कुणी मोरबाथमध्ये होतं का, हे तिच्यातून कळणार नाही, कारण तशा माणसाचा वेगळा जमाखर्च असण्याचं कारण नव्हतं. आणि मोरबाथवरून सगळं इंग्लंड जोखणं चुकीचं; लंडन, केंट किंवा एसेक्समधल्या काही पॅरिशांत हुकमाच्या आधीच मूर्ती उतरत होत्या.

चर्च आजही उभं आहे, पण ट्रिकींनी पाहिलेलं नव्हे. 1870 च्या दशकात वास्तुविशारद विल्यम बटरफील्डनं त्याची मोठी डागडुजी केली. खोगिरासारख्या छपराचा मनोरा ही त्यातलीच खूण. वही 1904 मध्ये छापली गेली, ती मोरबाथचे तेव्हाचे व्हिकर जे. अर्स्किन बिनी यांच्या हातून, आणि मूळ प्रत आता एक्झेटरच्या अभिलेखागारात आहे. चर्चमध्ये गेलेल्या पाहुण्यानं सिडवेलची वेदी शोधायची असेल तर आधी छापील वही वाचून जावी. कुठल्या मूर्तीसाठी कुणी काय ठेवलं, हे तिच्यातच घरवार लिहिलेलं आहे.